टिंगूची झुलपं

न्यायालयाने टिंगूचा रविवार बाबाला दिला होता आणि बाकीचे सगळे वार आईला. झुलपांबद्दल मात्र निकालात अवाक्षर नव्हतं, आणि सगळा घोळ तिथेच झाला.

बाबाचं चौकात सलून होतं. आई शाळेत चित्रकला शिकवायची, त्यामुळे सरळ रेघ आपल्याला जमते असा तिचा ठाम समज. एका शनिवारी तिने टिंगूच्या कपाळावरची झुलपं घरीच कापली. रविवारी बाबाने दार उघडलं, तर लेकीच्या आधी त्याला ती तिरकी कड दिसली. धंद्याची खोड, दुसरं काय.

"कोणी कापली गं?"

"आईने. छान आहेत ना?"

"छानच आहेत. जरा बस इथे."

त्याने डावी बाजू नावापुरती उचलली. संध्याकाळी आईने ते दारातच ओळखलं आणि दुसऱ्या दिवशी उजवी बाजू उचलली. पुढच्या रविवारी बाबाला पुन्हा डावीकडे हात घालावा लागला. भांडायचं दोघांनाही नव्हतं, फक्त बरोबर करायचं होतं. होता होता टिंगूच्या कपाळावर जुना टूथब्रश उगवल्यासारखं दिसू लागलं. शाळेत पोरं हसली, ती रडत घरी आली आणि आईने तडक वकील गाठला.

"रविवार हवा असेल तर कोर्टात तोंड उघडू नका," बाबाला त्याच्या वकिलाने बजावलं. "नाहीतर यापुढे लेकीला कोर्टातल्या खोलीत भेटाल, समोर शिपाई बसवून."

रविवार काढून घेतला तर बाबाच्या आठवड्यात उरत होतं काय? लोकांची डोकी.

न्यायाधीश बाईंनी दोघांच्या वकिलांचं ऐकून घेतलं आणि पुढच्या सुनावणीपर्यंत टिंगूच्या केसांना कोणीही कात्री लावायची नाही, असं फर्मावलं. दोघांनी ते इमानेइतबारे पाळलं. तारखा पडत गेल्या, केस वाढत गेले. अखेर टिंगू बाईंच्या दालनात आली ती थेट कपाटावर जाऊन आदळली.

"अहो, हिला दिसत नाहीये," बाई म्हणाल्या.

"तुमचाच आदेश आहे, मॅडम," दोघं एकदमच म्हणाले.

बाईंनी टेबलावरची कागद कापायची कात्री पुढे सरकवली. "इथेच कापा, माझ्यासमोर. बाबांनी कापायचं, आईने डोकं धरायचं. यानंतर हिची तक्रार आली, तर रविवारचं काय करायचं ते मी बघते."

आईने डोकं धरलं. बाबाने कात्री तिच्या कपाळाशी नेली. तेवढ्यात आईची बोटं कानाला लागून टिंगूला गुदगुल्या झाल्या. ती फिसकन हसली आणि कात्री चालायची ती चालली.

झुलपं चांगली उताराला लागली होती. बाबाने हळूच आईकडे पाहिलं. आई झुलपांकडे बघत होती.

"झाली का सरळ?" चष्मा पुसत बाईंनी विचारलं.

"एकदम सरळ," आई म्हणाली. "याच्यासारखं कोणाला जमत नाही, मॅडम."

बाबाने कात्री टेबलावर ठेवली. टिंगूने कपाटाच्या काचेत स्वतःला न्याहाळलं.

"आई, पण ही तर..."

"गप गं," आई तिचा हात धरत पुटपुटली. "रविवारी बाबाकडे जायचंय ना?"