आत्याने लावलेलं बटण

यंत्रं मला वचकून असतात. ही बढाई नाही, आमच्या ऑफिसात कुणालाही विचारा. प्रिंटरने कागद गिळला की सगळा मजला माझ्याकडे बघतो. मग मी बाह्या सरसावतो, झाकण उघडतो आणि कागद ओढून काढतो. तेवढ्यावरून तिथे माझं नाव 'सर्जन' पडलं आहे. कागद बऱ्याचदा तुकड्यांत निघतो, पण निघतो. शस्त्रक्रियेत थोडं इकडे तिकडे व्हायचंच.

त्यामुळे त्या सुट्टीच्या दिवशी आमचा घरचा कॉम्प्युटर सुरू होईना, तेव्हा खरं सांगायचं तर मला आतून आनंदच झाला. माझी ही बाजू घरात अजून कुणी पाहिलेली नव्हती. घरात माझी ख्याती म्हणजे दूध उतू जाताना शेजारी उभा असलेला माणूस, एवढीच.

बायकोला मात्र आनंद वगैरे काही झालेला नव्हता. ती कपाटांची, ओट्यांची, खणांची ड्रॉइंग काढते, म्हणजे सुतार ज्यावरून लाकूड कापतो ती. आजवर दुसऱ्याच्या ऑफिसात काढत होती. नुकतीच नोकरी सोडून तिने स्वतःचं पहिलं काम धरलं होतं, एका दातांच्या डॉक्टर बाईंचा नवा दवाखाना. त्या दिवशी पाचच्या आत ड्रॉइंग बाईंच्या हातात पडायला हवं होतं, कारण दुसऱ्या दिवशी सुतार कामाला लागणार होता. नाही पडलं, तर काम तिच्या जुन्या साहेबाकडे जाणार. साहेबाने बाईंना तसा फोनही करून ठेवला होता, 'तिला नाही जमलं तर आम्ही आहोतच.' आणि ड्रॉइंग तयार होतं, फक्त ते कॉम्प्युटरच्या पोटात होतं.

"मी भावाला फोन करते," बायको म्हणाली. माझा मेहुणा कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवतो.

"काही गरज नाही. जेवणाआधी चालू करून देतो."

"नक्की? की आत्ताच करू फोन?"

"अगं, घरात आचारी असताना बाहेरून डबा कशाला मागवायचा?"

तिने आचाऱ्याकडे एकदा पाहिलं आणि फोन खाली ठेवला.

आता माझी पद्धत सांगतो. आधी सोपं बघायचं, मग अवघड. अडाणी माणूस थेट स्क्रू ड्रायव्हर घेऊन धावतो. मी आधी भिंतीतल्या सॉकेटला टेबलावरचा दिवा जोडून पाहिला. दिवा लागला, म्हणजे भिंतीत वीज आहे. मग हात मागे घालून चाचपडतच वायर बदलली. तरीही काही नाही. उरलं मागचं बटण. सीपीयूच्या मागे, वायर जिथे शिरते तिथे, एक छोटं काळं बटण असतं. ते बंद असलं तर पुढचं बटण दाबून बोट झिजलं तरी उपयोग नाही. भल्याभल्यांना हे माहीत नसतं. मला होतं, हे कृपया लक्षात ठेवा.

पण सीपीयू टेबलाखालच्या खणात असा कोंबलेला की मागे बघायचं तर जमिनीवर पालथं पडावं लागलं असतं. तेवढ्यात आत्या फडकं घेऊन समोरून गेली. सकाळी तिथली धूळ तिनेच पुसली होती.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. तिने जन्मभर एका वाचनालयात नोकरी केली. सगळ्यांत शेवटी निघायचं आणि निघण्याआधी खिडक्या, कपाटं, दारं, फाटक सगळं लावून यायचं, हे तिचं काम. निवृत्त होऊन ती आमच्याकडे राहायला आली, पण हाताची सवय जात नाही. आपण पाणी प्यायला उठलो की परत येईपर्यंत खोलीचं दार लागलेलं असतं.

"आत्या," मी विचारलं, "सीपीयूच्या मागचं ते काळं बटण लावलेलं आहे का गं?"

"हो रे राजा. सकाळीच लावलं."

"नीट लावलंस ना?"

"माझ्या हातून लावायचं काही राहिलंय का कधी?"

हे शंभर टक्के खरं होतं. तपास पूर्ण झाला. भिंत ठीक, वायर ठीक, मागचं बटण लावलेलं, तेव्हा रोग पोटातच असणार.

जेवणं झाली. रोग पोटातच होता. मी पुढचं बटण कधी हळू, कधी जोरात, कधी बेसावध गाठून दाबत होतो. शेवटी बायकोने मला न विचारता भावाला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"भाऊजी, सॉकेट बघितलं?"

"बघितलं. वायरही बदलली."

"मागचं बटण लावलंय?"

"लावलंय. आत्याने स्वतः लावलंय."

मेहुणा विचारात पडला. "मग एसएमपीएस गेला असणार."

"मला तीच शंका होती," मी म्हणालो. एसएमपीएस म्हणजे सीपीयूतला वीज वाटणारा डबा, हे मला त्याच्या पुढच्या वाक्यात कळलं.

"तुम्ही उघडू नका, भाऊजी. मी संध्याकाळी दुकान बंद करून येतो."

"अरे, पाचपर्यंत द्यायचंय मला," बायको म्हणाली.

"ताई, दुकानात मी एकटाच आहे गं. त्याआधी नाही निघता येणार."

'उघडू नका' हे मी ऐकलं नाही असं नाही. पण सर्जनला उघडू नका म्हणणं म्हणजे सुतारपक्ष्याला झाडावर नुसतं बस म्हणण्यासारखं आहे. मी सीपीयू उचलून जेवणाच्या टेबलावर आणला आणि उघडला. मागचं बटण तपासून झालेलं होतं, त्यामुळे तिकडे बघितलंही नाही. स्क्रू हरवू नयेत म्हणून चहाच्या बशीत ठेवले. पाहिलंत, किती व्यवस्थित काम.

आत धुळीचं घोंगडं पसरलं होतं. मला वाटलं, हेच ते. बायकोचा केस वाळवायचा ड्रायर आणला आणि आत वारा सोडला. धूळ निघाली, यात वाद नाही. ती निघून उरलेल्या भातावर, वरणावर, पडद्यांवर आणि आत्याच्या नाकात बसली. आत्या शिंकत शिंकत खिडक्या लावायला गेली. त्यामुळे राहिलेली धूळही घरातच थांबली.

मग मी भाग काढायला घेतले. जे निघतं ते काढायचं, पुसायचं आणि टेबलावर मांडायचं. कुठला कुठून काढला हे मी मनात ठेवत होतो. थोड्या वेळाने मनात जागा पुरेना.

बायको दारात येऊन उभी राहिली. "कितपत आलं?"

"होतच आलंय."

तिने टेबलाकडे पाहिलं. स्टूल घेतलं, कपाटावरून जुना ड्रॉइंग बोर्ड खाली काढला, त्यावरची धूळ पुसली आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला कागद ताणून बसवला.

"हे काय करतेस?"

"हाताने काढते."

"अगं, आत्ता चालू होईल."

"होऊ दे की. झाला तर सांग."

अगदी शांतपणे म्हणाली. माझी बायको चिडली की बोलते आणि घाबरली की शांत होते. ती घाबरली होती. तिचं पहिलं काम माझ्या समोरच्या ढिगाऱ्यात कुठेतरी पडलं होतं आणि मी त्यावर फडकं मारत होतो. ठरवलं, आता पुरे, सगळं पुन्हा जोडायचं.

जोडायला स्क्रू हवेत. बशी जागेवर नव्हती. स्वयंपाकघरात गेलो तर ती घासूनपुसून पालथी घातलेली.

"आत्या, बशीतले स्क्रू कुठे आहेत?"

"चहाच्या बशीत लोखंड ठेवतात का रे? बटणांच्या डब्यात टाकलंय सगळं."

आत्याच्या बटणांच्या डब्यात आमच्या घराण्यातल्या यच्चयावत सदऱ्यांची, कोटांची, ब्लाउजांची सुटी बटणं आहेत. डबा जमिनीवर ओतून आम्ही दोघं स्क्रू वेचायला बसलो. टेबलाशी बायकोची पेन्सिल चालली होती. वेचता वेचता आत्या म्हणाली, "एवढं सगळं उघडं टाकलंयस खरं, पण वीजबीज काही आत शिरायची नाही."

"वीज शिरतच नाहीये, आत्या. तोच तर रोग आहे."

"शिरेल कशी? मागून मी लावून घेतलंय ना."

माझ्या हातातला स्क्रू खाली पडला. "लावून घेतलंय म्हणजे?"

"म्हणजे लावून घेतलंय. तुम्ही ते दिवसरात्र तसंच उघडं टाकता. सकाळी पुसताना दिसलं. म्हटलं, आत्ता काही काम नाही तर कशाला? दाबलं आणि टाकलं लावून."

"आत्या, मी तुला विचारलं होतं, बटण लावलंय का म्हणून."

"मी हो म्हटलं. खोटं बोलले का?"

"अगं, बटण लावणं म्हणजे चालू करणं."

आत्याने माझ्या छातीकडे बोट केलं. "हे बटण लावलंस, तेव्हा तुझा शर्ट चालू झाला का?"

याला उत्तर तुम्हाला सुचलं तर कळवा. दिवा लावला की पेटतो, दार लावलं की मिटतं, आणि दोन्हींना आपण बिनदिक्कत लावणंच म्हणतो. जन्मभर दारं लावणाऱ्या बाईला मी दिवे लावणाऱ्याचा प्रश्न विचारला होता. तिने प्रामाणिकपणे उत्तर दिलं आणि त्या उत्तरावर मी एक धडधाकट कॉम्प्युटर सोलून ठेवला. दिवे लावले म्हणतात ते हेच.

बायकोची पेन्सिल थांबली होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"म्हणजे आता बटण दाबलं की सुरू होईल?" तिने विचारलं.

मी टेबलाकडे पाहिलं. बटण दाबायला माझी काहीच हरकत नव्हती. पण त्यासाठी आधी कॉम्प्युटर असावा लागतो.

"जोडायला किती वेळ लागेल?"

"मला जोडता येत नाही," मी म्हणालो. दिवसभरात मी उच्चारलेलं हे पहिलं खरं वाक्य.

वाटलं, आता खटका उडणार. पण तिने नुसता एक लांब श्वास सोडला. "मग त्याला आता हात लावू नकोस. इकडे ये आणि पेन्सिलींना टोक कर."

मी टोकं करायला बसलो. तिला सगळी मापं पाठ होती. भिंत, खिडकी, बेसिन, औषधांचं कपाट, रेषेला रेष जोडून दवाखाना कागदावर उभा राहत होता. इतकी वर्षं एका घरात राहून तिला हाताने काढताना मी कधी नीट पाहिलंच नव्हतं. मला तिचा अभिमान वाटला आणि स्वतःची लाज वाटली, दोन्ही एकदमच.

एका ठिकाणी ती अडली. खुर्चीशेजारच्या हत्यारांच्या खणाची उंची काही केल्या आठवेना. बाईंना पेशंटच्या तोंडावरून नजर न हलवता हत्यार उचलता आलं पाहिजे, हीच तर त्यांची मुख्य अट होती. बायकोने क्षणभर डोळे मिटले आणि मला म्हणाली, "त्या आरामखुर्चीत आडवा हो. आ कर."

मी आ केला. ती स्टुलावर बसली, माझ्या दातांत पेन्सिल धरून ठेवली आणि माझ्याकडे बघतच दुसरा हात बाजूला लांबवला. हात हवेत एका जागी थांबला. "इथे. आत्या, जमिनीपासून मोजा."

आत्याने शिवणाची टेप लावली. (लावली म्हणजे काय, हे विचारायचं धाडस मी केलं नाही. माझं तोंड तसंही उघडंच होतं.)

"दातांची निगा राखत नाहीस रे तू," मोजून झाल्यावर आत्या म्हणाली.

पाचाला अवकाश असतानाच ड्रॉइंगची गुंडाळी घेऊन बायको रिक्षात बसली. मी आणि आत्या बटणं डब्यात भरत बसलो. पाच वाजून गेले. तिचा फोन नाही. मी केला तर तिने उचलला नाही. आता जुना साहेब तिथे पेढ्यासारखा गोड बोलत बसला असेल, अशी चित्रं मला दिसू लागली.

शेवटी ती आली. चपला काढल्या, खुर्चीत बसली.

"काय झालं?" मी विचारलं.

"काम माझंच. सुतार उद्या येतोय."

मला हायसं वाटलं. आत्याने बायकोच्या तोंडावरून हात फिरवला.

"खण येणार तिथे मी ड्रॉइंगमधल्या उंचीवर पुठ्ठ्याचा खोका धरला आणि बाईंनी बसून हात लांबवून बघितला," बायको म्हणाली, "बरोबर खोक्यावर पडला. म्हणाल्या, ही उंची तुम्हाला इतकी नेमकी कशी कळली? म्हटलं, घरी पेशंट होता."

ती हसली. सकाळपासून पहिल्यांदाच. मीही हसून घेतलं, पडत्या फळाची आज्ञा म्हणून.

"मग उशीर का झाला एवढा?"

"त्यांचा दवाखान्यातला कॉम्प्युटर सकाळपासून सुरूच होत नाहीये. मला विचारत होत्या, तुमच्या ओळखीत कुणी जाणकार आहे का?"

माझी पाठ आपोआप ताठ झाली. हात बाह्यांकडे गेला. "मग? काय सांगितलंस?"

"म्हटलं, उघडायचा असेल तर नवरा आहे, लावायचा असेल तर आत्या आहेत. चालू करायचा असेल तर मात्र दुसरं कुणीतरी बघा."