माखणफळाला बांधलेलं पागोटं

पौष लागला की चिमाजी रोज तिन्हीसांजेला अंगावरचं घोंगडं काढून अंगणातल्या झाडाला घालायचा. मग गोणपाट पांघरून चुलीपुढं बसायचा आणि अंबूबाईचं बोलणं ऐकायचा. ते बोलणंही तसं ऊब देणारंच असे.

“माझ्या बाळंतपणात येवढं केलं असतं,” ती म्हणायची, “तर चार दिस आधी उठून कामाला लागले असते.”

झाड माखणफळाचं होतं. भाटघरच्या धरणावर चिमाजी एका साहेबाच्या बंगल्यात माळी होता. साहेबाची बदली झाली तेव्हा त्यानं बंगळुराहून आलेल्या त्या फळाची बी चिमाजीच्या हातावर ठेवली आणि एक फोडही खायला दिली. झाडावर लोणी लागतं, असं चिमाजीनं गावभर सांगितलं. ती फोड मीठ विसरलेल्या पिठल्यासारखी लागली होती, हे मात्र त्यानं बायकोलाही सांगितलं नाही. एकदा सगळ्या वाडीला लोण्याची आशा लावल्यावर मागं कसं फिरायचं?

वाडी वेल्ह्याच्या खाली, कानंदी नदीच्या काठी, डोंगरांच्या ओंजळीत. थंडी वरून ओघळायची आणि ओंजळीत साचायची. दर साली नाही, पण एखाद्या साली एखाद्या पहाटे हिव पडायचं, गवतावर कुणी मीठ शिंपडून गेल्यासारखं. झाड दोनदा शेंड्यापासून काळं पडत खाली आलं होतं आणि दोनदा बुडातून पुन्हा फुटलं होतं. म्हणून चार वर्षांचं होऊनही ते बसलेल्या माणसाएवढंच होतं. चिमाजीही आयुष्यात तेवढाच वाढला होता, आणि बुडातून फुटायची सवय त्यालाही होती. त्यामुळं दोघांचं जमायचं.

यंदा त्यानं कसर ठेवली नव्हती. बुंध्याशी भाताचा पेंढा, संध्याकाळी तांब्याभर पाणी, चार काठ्यांवरून घोंगडं, आणि कोवळ्या शेंड्याला वारं लागू नये म्हणून वर स्वतःच्या लग्नातलं पागोटं. शेजारी शेणकुटांची शेकोटी.

अडचण एकच होती. त्याच्या मुलीची, फुलाची, सोयरीक दोनदा जुळत येऊन मोडली होती, आणि दोन्ही वेळा कुणीतरी पाहुण्यांच्या कानाला लागलं होतं, की मुलीचा बाप झाडाशी बोलतो. आता तिसरं स्थळ भोंगवलीहून यायचं होतं. अंबूबाईनं त्याला देव्हाऱ्यापुढं उभं करून शपथ घातली होती, की पाहुण्यांसमोर झाडाचं नाव काढायचं नाही. पाहुणे दुपारी येणार होते. ऊन आलं की झाड मोकळं करायचं आणि तेच घोंगडं पाहुण्यांना बसायला अंथरायचं, असा चिमाजीचा बेत होता.

पण मुलाचे वडील आनंदराव वेल्ह्यात नातेवाइकाकडं मुक्कामाला उतरले होते. म्हातारपणाची झोप ती, कोंबड्याआधीच संपली. ते मुलाला, कुंडलिकला, उठवून निघाले ते उजाडता उजाडता चिमाजीच्या अंगणात.

धुकं दाट होतं. शेकोटीशी कुणी वडीलधारं बसलेलं दिसलं, अंगभर घोंगडं, डोईला पागोटं. घरातल्या वडील माणसाला रामराम घातल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही, ही आनंदरावांची रीत. त्यांनी वहाणा काढल्या, गार मातीत उभं राहून रामराम घातला. उत्तर आलं नाही. दुसऱ्यांदा वाकून घातला. तिसऱ्यांदा घालायचा नसतो.

चिमाजी बोडक्या डोक्यानं बाहेर आला तेव्हा आनंदराव पायात वहाणा सरकवत होते.

“आमचा रामराम घ्यायची बी तुमच्या घरात कुनाची विच्छा न्हाई,” ते शांतपणे म्हणाले. “मग सोयरीक कशाची?”

हे झाड आहे, असं सांगितलं असतं तर तिथंच सुटला असता. पण मग हेही सांगावं लागलं असतं, की झाडाला पागोटं कोण बांधतं. चिमाजीच्या डोळ्यांपुढून दोन मोडलेल्या सोयरिकी गेल्या.

“आमचं थोरलं चुलतं हायेत,” तो म्हणाला. “ऐकू येत न्हाई. दिसत बी न्हाई. बोलनं तर पयल्यापास्नंच कमी.”

आनंदरावांचा चेहरा सैल झाला. त्यांनी वहाणा पुन्हा काढल्या. चिमाजीनं त्यांना आत चलायची विनवणी केली, तर वडील माणूस अंगणात नि आपण आत, हे बरं दिसत नाही म्हणून ते शेकोटीशीच मांडी घालून बसले. कुंडलिकला आत पाठवलं. अंबूबाईनं गुळाच्या चहाचे दोन पेले आणले. काय झालं आहे ते तिनं एका नजरेत ओळखलं आणि पेले खाली ठेवून पदर असा झटकन कपाळापर्यंत ओढला, की पाहुण्यांना वाटलं, बाई सासऱ्याला फार भिऊन आहे.

“आधी त्यांस्नी,” आनंदराव म्हणाले.

त्यांस्नी मी पाजतो म्हणून चिमाजी घोंगड्याआड वाकला आणि कढत चहा एका दमात प्याला. पाठोपाठ पान आलं, तेही त्यानंच खाल्लं. तेवढ्यात त्याची जीभ भाजली आणि चुना जास्त झाला, पण चुलत्यांची जेवणाखाण्याची तक्रार नव्हती.

मग आनंदराव झाडाशी बोलू लागले. ऐकू न येणारा माणूस त्यांना बऱ्याच वर्षांनी भेटला होता. घरात आपलं एक वाक्य कुणी पुरं होऊ देत नाही, इथपासून सुरुवात झाली. चिमाजी शेणकुटं सारत पाठमोरा बसला होता.

“तुमाला म्हनून सांगतो,” आनंदराव हळूच म्हणाले, “पोरगं कामाला वाघ हाय, पर वाईच येडं हाय. नांगर धरला आन म्होरं टिटवीची अंडी दिसली, की बैल वळवतंय. तेवढा तुकडा पडीक ठेवतंय. वर तिला ववी म्हनतंय.

*टिटवीबाई तुझं घर, माझ्या नांगराच्या वाटंला,*
*बैल वळवितो बाई, नको रडूस पहाटंला.*

आता ह्याला काय म्हनावं? दोन ठिकानी नकार आला त्यो ह्याच पायी. हे कुनाला सांगू नका.”

झाडानं सांगितलं नाही. चिमाजी मात्र हातातलं शेणकुट शेकोटीत सारायचं विसरला. आपल्यासारखा आणखी एक आहे, आणि तो आत आपल्या चुलीशी बसला आहे, हे कुणाला सांगायची सोय नव्हती.

आत बघणं उरकलं. आनंदराव उठले आणि झाडापुढं हात जोडून म्हणाले, “तुमी हो म्हनाल तर हो. नुसती मान हलवा. तुमच्या शब्दाबिगर म्या सुपारी फोडनार न्हाई.”

सगळं अंगण थांबलं. वारा एरवी दिवसभर हुंदडायचा, तोही नेमका कुठं गेला होता. आनंदराव वाट बघत होते. चिमाजीनं डोळे मिटले.

पागोटं हललं. एकदा, दोनदा, आणि तिसऱ्यांदा इतकं जोरात, की ते पडतंय की काय असं झालं. चिमाजीनं डोळे उघडले तेव्हा झाडामागून फुला रिकामी घागर घेऊन लगबगीनं नदीकडं निघाली होती. कुंडलिक दारातून तिच्याकडं बघत होता. त्यानं सगळं पाहिलं होतं, आणि वडिलांना तो त्याबद्दल काहीच बोलला नाही.

सोयरीक ठरली. पण जाता जाता आनंदरावांनी सांगितलं, की साखरपुड्याला नारळ चुलत्यांच्याच हातून घ्यायचा.

पुढचे आठ दिवस नवरा-बायकोनं विचार केला. शेवटी अंबूबाई म्हणाली, “ज्यानं आनला त्यानंच न्यावा.” चुलते वारल्याचा निरोप भोंगवलीला गेला. पाहुणे समाचाराला येणार, तर सुतक दिसायला हवं. म्हणून चिमाजीनं आपली तीस वर्षांची मिशी न्हाव्याच्या हवाली केली. वाडीत कुणी विचारलं, तर शेकोटीत होरपळली म्हणून सांगायचा. आरशात बघितलं तेव्हा खरंच कुणीतरी गेल्यासारखं त्याला वाटलं.

दहाव्याला दुपारी पाहुणे येतील असा अंदाज होता. नवव्या दिवशी सांजेला आभाळ काचेसारखं स्वच्छ झालं, वारा पडला, आणि हिव पडणार हे चिमाजीनं ओळखलं. सुतक एकीकडं, झाड एकीकडं. त्यानं घोंगडं घातलं, पागोटं बांधलं, शेकोटी पेटवली.

आनंदरावांची झोप अजून म्हातारीच होती. ते पहाटेच अंगणात आले. हातात दुखवट्याचं नवं पागोटं होतं. आणि शेकोटीशी, धुक्यात, वारलेले चुलते होते तिथंच बसले होते.

चिमाजी दारात आला. पळायला जागा नव्हती आणि लपायला मिशी नव्हती. आनंदराव पुढं झाले, त्यांनी घोंगड्याचं टोक उचललं. आतून एक रुंद, हिरवं पान त्यांच्या बोटाला लागलं.

चिमाजीनं सगळं सांगितलं. साहेब, बी, हिव, मोडलेल्या सोयरिकी. फोड कशी लागली होती, तेही सांगून टाकलं. आता राखायचं काय होतं? दाराआड अंबूबाई पदर तोंडाला लावून उभी होती.

आनंदरावांनी घोंगड्याचं टोक खाली सोडलं.

“म्हंजी त्या दिशी म्या झाडापुढं बोललो?”

“व्हय.”

“कुनी ऐकलं न्हाई?”

चिमाजीनं ओठावरून हात फिरवला. मिशी असती तर तिच्याआड हसू लपवता आलं असतं.

“झाडाला कुटं कान असत्यात, आनंदराव?”

आनंदरावांनी खोल श्वास सोडला. हातातलं पागोटं त्यांनी उलटंपालटं करून पाहिलं. दुखवट्याचं पागोटं परत घरी न्यायचं नसतं, आणि मेलेलं तर कुणी नव्हतं. झाडावरचं जुनं पागोटं दहिवरानं चिंब झालं होतं. ते उतरवून त्यांनी चिमाजीच्या डोक्यावर ठेवलं, आणि नवं, कोरडं, झाडाच्या शेंड्याला नीट गुंडाळून बांधलं.

“मान हालल्याली म्या माज्या डोळ्यांनी बगितलीया,” ते म्हणाले. “तेवढा शबुद आता फिरत न्हाई.”

मग त्यांनी झाडाला रामराम घातला आणि वहाणा बाहेर ठेवून आत गेले.

लग्न वैशाखात झालं. नवरीच्या बापाची मिशी अजून निम्मीच उगवली होती, म्हणून वऱ्हाडात बरीच कुजबुज झाली. झाडाला मात्र तोवर हातभर नवी पालवी आली होती.