नाव घातलेलं पातेलं

श्रुतिकाने अंगणात सतरंजी पसरली होती आणि सामानातली एकेक वस्तू ती आजोबांच्या तराजूत तोलत होती. तिच्या बालाघाटच्या कॉलेजातली दहा पोरं-पोरी पचमढीच्या डोंगरात पाच दिवस पायी फिरायला निघाली होती. शिधा, बिछाना, स्टोव्ह, सगळं पाठीवर. सरांचा हुकूम एकच, ओझं वाढलं तर घरी राहायचं. म्हणून तिने दात घासायच्या ब्रशची दांडीसुद्धा अर्धी कापली होती.

शांताबाईने नातीचं नवं पातेलं उचललं, तर हात एकदम वर गेला.

“हे पातेलं हाय का फुगा?”

“एकशे वीस ग्रॅम, आजी! महिनाभर शोधलं, तवा भेटलं.”

“त्याच्यापक्षा आपला पितळेचा गंज ने. त्या भांड्यात दाळ चांगली शिजते.”

“दोन किलोचा हाय तो. गंजाले मी उचलीन, अन् मले कोन उचलन?”

शांताबाई हसली, पण पातेलं उलटसुलट पाहून तिचं मन खट्टू झालं. त्यावर नाव नव्हतं. कटंगीतल्या त्या घरातून बिननावाचं भांडं कधी बाहेर गेलं नव्हतं. लग्नाच्या पंगतीत भांडी सरमिसळ होत आणि नावावरूनच घरी परतत. घरातल्या सगळ्या भांड्यांवर नवऱ्याचं, मोतीलालचं नाव होतं, नाहीतर सासऱ्याचं. पण डोंगर चढायला निघालेली या घरातली ही पहिली पोर. या पातेल्यावर आपलं नाव हवं, असं शांताबाईच्या मनाने घेतलं. बाजाराचा दिवस होता. पातेलं पदराखाली धरून ती गुपचूप प्रीतमच्या भांड्यांच्या दुकानात गेली.

“काकी, नाव घालाची मशीन बिघडली. हातानं ठोकू का?”

“ठोक. पण उठून दिसलं पायजे.”

तिने कागदावर स्वतःच्या हाताने मजकूर लिहून दिला: शांताबाईकडून श्रुतिकास.

“काकाचं नाव नाई?”

“त्यायचं लय भांड्यायवर झालं.”

प्रीतमचा हात जाड पितळेला सरावलेला. त्याने मन लावून ठोकलं, फुंकर मारली आणि पातेलं उन्हात धरलं. त्याच्या पांढऱ्या बनियनवर उजेडाचे ठिपके उमटले.

“काकी,” तो हळूच म्हणाला, “उठून तं दिसून राह्यलं.”

घरी श्रुतिकाने पातेल्यात पाणी ओतलं. काठाखाली दोन बोटांवरून धारांची झालर सुटली.

“अरे यार आजी, ये क्या कर दिया! सकाळी गाडी हाय माही! आता दुसरं कुठून आणू?”

“वजन तं कमी झालं असन,” शांताबाई चाचरत म्हणाली.

श्रुतिकाने तोललं. एकशे वीस. तराजूनेही साथ दिली नाही.

शेवटी नावाच्या खालपर्यंतच पाणी भरायचं ठरवून, डोळे पुसत पोर तेच पातेलं घेऊन गेली. पाच दिवस शांताबाई प्रीतमच्या गल्लीत फिरकली नाही. मोतीलाल मात्र जेवायला बसला की ताट उजेडाकडे धरायचा. “पाहून घेतो, ह्याच्यावर नाव घातलं का काय!”

सहाव्या दिवशी श्रुतिका आली, उन्हाने रापलेली. सोबत तिच्या वर्गातली दीपिका आणि खडखडणारी पिशवी.

“आजी, माह्यं पाहून आनखी पाच जनायनं आधीच तेच पातेलं मागवलतं! नाल्यावर घासताना हे तुहं का माह्यं, रोज भांडण. माह्याले कोनी हात नाई लावला.”

“और दादी,” दीपिका म्हणाली, “हमारा भात उफनके स्टोव बुझा देता था. आपके वाले में भाप नाम से निकल जाती थी! तिरछा करो तो पानी नाम में से निथर जाता, भात अंदर.”

“सर विचारत होते, कोनत्या कंपनीचं हाय,” श्रुतिका म्हणाली. “म्या सांगतलं, शांताबाई.”

दीपिकाने पिशवी उघडली. आत तीच पाच बिननावाची पातेली होती.

या वेळी शांताबाई भर बाजारातून गेली, पिशवी मुद्दाम वाजवत. तिला पाहून प्रीतम उठून उभाच राहिला.

“काकी, आता हळूच ठोकतो.”

“हळूच काहून? आरपार ठोक.”

“नाव कोनाचं?”

तिने त्याच्या कानावरची पेन्सिल काढून घेतली. “माह्यं.”

“पाचहीवर?”

“हौ,” शांताबाई लिहिता लिहिता म्हणाली, “कंपनीचं नाव एकच रायते.”