परत केलेले चाळीस युरो

शनिवारी सकाळी नऊ वाजता स्टोयनाच्या अंगणात साठ किलो मिरची उतरली, आणि अकरा वाजता तिच्या मुलाच्या स्टुडिओचं थेट प्रक्षेपण होतं. दोन्ही गोष्टी एकाच घरात ठरल्या होत्या, पण एकीनं दुसरीला विचारलं नव्हतं.

"आई, नेमकी आजच?" तिचा मुलगा त्रायचे गोण्यांकडे बघत म्हणाला.

"मला काय विचारतोस? तिला विचार." स्टोयनानं एका गोणीची गाठ सोडली. लाल, लांब, जाड गराच्या मिरच्या लग्नाला निघाल्यासारख्या चकचकत होत्या. "पिकली ती. थांबते म्हणाली, तर मीही थांबते."

स्ट्रुमित्सा गावात सप्टेंबर लागला की ही गोड मिरची घरोघरी भाजतात, सोलतात, वाटतात, तेलात तासन्‌तास घोटतात आणि झालेली ती चटणी, म्हणजे आयवर, हिवाळ्यासाठी बरण्यांत भरून ठेवतात. त्या दिवसांत गल्लीत कुणी दुसरं काम काढत नाही. काढलंच तर ते धुरातच करावं लागतं.

"पण साठ किलो? घरात आपण दोघंच."

"दोघं कशी? तुझी बहीण ग्राट्सला, भाऊ माल्मोला. त्यांच्या बरण्या काय स्वीडनचा राजा भरणार?"

त्रायचे स्टुडिओकडे वळला. स्टुडिओ म्हणजे अंगणाच्या कडेची उन्हाळी स्वयंपाकखोली होती. तिच्यात दोन संगणक, एक मोडका पंखा आणि भिंतीला टेकून ठेवलेल्या लोणच्याच्या बरण्या. एका संगणकावर त्रायचे बसे. त्यासाठी त्यानं वसंतात बँकेतली नोकरी सोडली होती. दुसऱ्यावर रुमेना चित्रं काढी. दोघं मिळून एका करकोच्याचा खेळ बनवत होते. दूरदेशाहून करकोचा परत येतो, तर विजेच्या खांबावरचं त्याचं घरटं वाऱ्यानं नेलेलं असतं. खेळणाऱ्यानं वारा ओळखून एकेक काडी आणायची आणि नीट ठेवायची. कुणाला मारायचं नाही, कुणापासून पळायचं नाही. जो लोकवर्गणीत पैसे देईल त्याचं नाव घरट्यातल्या एका काडीवर.

वर्गणी पंचवीस हजार युरोंची होती आणि मुदत गुरुवारपर्यंतची. तोवर आकडा गाठला नाही, तर आलेला पैसाही जिथल्या तिथे परत जाणार होता. सोळा हजार जमले होते आणि आठवडाभर आकडा चिखलात बसलेल्या म्हशीसारखा हलत नव्हता. स्टुटगार्टला फरशा बसवायचं काम करणाऱ्या मेतोदीमामानं भाच्याच्या काळजीनं, खेळ फसला तर माझ्याकडे कामाला ये म्हणत, शुक्रवारच्या बसचं तिकीट पाठवून दिलं होतं. ते फ्रिजच्या दारावर चुंबकाखाली लावलेलं होतं. स्टोयना दिवसातून वीस वेळा तो फ्रिज उघडे, पण प्रत्येक वेळी दुसरीकडे बघत.

आकडा अडला होता तो एका दाढेपाशी.

वर्गणीच्या पानावर त्रायचेनं स्टुडिओ म्हणून एका काचेच्या दालनाचा फोटो लावला होता. दालन शेजारच्या दंतवैद्याचं होतं. फोटोच्या कोपऱ्यात भिंतीवरच्या तक्त्यातली अर्धी दाढ राहून गेली. वाउटर नावाच्या एका निवृत्त डच गृहस्थांनी विचारलं, "मागे दाढ कसली आहे?" त्रायचेनं घाईत उत्तर दिलं, "खेळातलं एक पात्र आहे." वाउटरांनी पुन्हा लिहिलं, "करकोच्याला दात कधीपासून आले? याआधी दोन स्टुडिओंनी माझे पैसे गिळले. तुमचा स्टुडिओ मला चालू असताना बघायचा आहे." त्याखाली दोनशे लोकांनी "मलाही" असं लिहिलं. म्हणून हे शनिवारचं प्रक्षेपण.

साडेदहाला रुमेना आली. तिनं बरण्यांपुढे दोरी बांधून पांढरी चादर सोडली, दोन खुर्च्या मांडल्या आणि मागे वळून बघितलं.

"त्रायचे, पानावर आपण सहाजण आहोत असं लिहिलंयस."

"हो."

"मोजून दाखव."

"तू, मी, दंतवैद्य, परदेशातले प्रतिनिधी म्हणून मेतोदीमामा, आवाज तपासणारा पाशा..."

"पाशा मांजर आहे."

"त्याचा फोटो नाही लावलेला. आणि व्यवस्थापन प्रमुख म्हणून आई."

"मावशींना माहीत आहे?"

त्रायचेनं खिडकी लावून घेतली. बाहेर पत्र्यावर पहिल्या मिरच्या तडतडायला लागल्या होत्या.

अकराला प्रक्षेपण सुरू झालं. एकशे चाळीस माणसं जमली. त्रायचे पाठ केलेलं बोलू लागला. "आमच्या या प्रशस्त स्टुडिओत..." एवढ्यात दार उघडलं. कपाळाला फडकं बांधलेली स्टोयना आत आली, कुणाकडेही न बघता तिनं दोरीवरची चादर ओढून काढली आणि ती बाहेर गेली. भाजलेल्या मिरच्या गरम असतानाच झाकून घाम येऊ द्यावा लागतो, नाहीतर साल सुटत नाही. घरातली मोठी चादर तीच होती.

पडद्यावर त्रायचेच्या डोक्यामागे लोणच्याच्या बावीस बरण्या उजळून निघाल्या.

"हे काय आहे?" कुणीतरी लिहिलं.

"साठवण," त्रायचे म्हणाला. "म्हणजे, माहितीची."

रुमेनानं कपाळाला हात लावला. त्याच क्षणी बाहेर स्टोयनानं पत्रा पुरत नाही म्हणून विजेची शेगडीही लावली, आणि ती लावली स्टुडिओच्याच वायरीवर. दिवे गेले, पंखा गेला, संगणक गेले, एकशे चाळीस माणसं गेली.

"आई!"

"काय रे? शेगडीत जीव नाही वाटतं."

"आई, सगळं बंद पडलं. लोक म्हणणार, पैसे घेऊन पळाले."

"पळाले? फटाका झालेला फ्यूज घेऊन कुठे पळणार?"

नवा फ्यूज सापडेना. रुमेनानं लॅपटॉप उचलला, फोनचं इंटरनेट त्याला जोडलं आणि जिथे फोनला नीट रेंज येत होती तिथे जाऊन बसली. अंगणात तशी जागा एकच होती, द्राक्षाच्या मांडवाखालचं मिरच्या सोलायचं टेबल. प्रक्षेपण पुन्हा सुरू झालं. एकशे साठ माणसं परत आली होती. पळून गेलेला माणूस बघायला गर्दी नेहमी जरा जास्तच होते.

धूर डोळ्यांत जात होता. वाउटर स्वतः पडद्यावर आले. पांढऱ्या मिशा, विणलेला स्वेटर. "तुमच्या व्यवस्थापन प्रमुखांशी बोलायचं आहे," ते इंग्रजीत म्हणाले.

त्रायचे काही सुचवायच्या आत रुमेनानं ते जसंच्या तसं स्टोयनाला सांगितलं.

"कोण प्रमुख?"

"तुम्हीच, मावशी. यानं पानावर तसं लिहिलंय. निवृत्तिवेतनाच्या कार्डावरचा फोटो लावलाय तुमचा."

"त्या फोटोत मी मेलेली दिसते," स्टोयना म्हणाली. मग मिरचीचा परातभर ढीग घेऊन ती खुर्चीवर बसली, लॅपटॉपकडे वळली आणि समोरच्या म्हाताऱ्याकडे नीट बघून तिनं या गावात नव्या माणसाला पहिला विचारतात तोच प्रश्न विचारला.

"तू कुणाचा?"

रुमेनानं तो पोहोचवला. वाउटर गोंधळले. "मी... वर्गणीदार."

"ते नाही. कुणाचा मुलगा?"

वाउटरांनी मिशीवरून हात फिरवला. "पीटचा," शेवटी ते म्हणाले. "कालव्याच्या दारावर असायचे. बोटी आल्या की दार उघडायचे. मला हे कुणी पन्नास वर्षांत विचारलं नाही."

"मग आता सांग. जेवलास?"

एकामागून एक माणसं पडद्यावर येऊ लागली. स्टोयना मिरचीची साल ओढी आणि विचारी. कुणाची, आई आहे का, लग्न झालं का, नसेल झालं तर का नाही. त्रायचे मांडवाच्या खांबाला टेकून उभा होता आणि सोळा हजार मनातल्या मनात वाहून जाताना बघत होता.

मग पोर्तोची एक मुलगी आली. ग्रासा नाव. परिचारिकेचं शिक्षण घेत होती. करकोचा फार आवडला म्हणून तिनं चाळीस युरो दिले होते.

"आणि आज काय जेवलीस?" स्टोयनानं विचारलं.

मुलगी हसली. "शेवया. महिना संपेपर्यंत शेवयाच."

सालीवरचा हात थांबला. "त्रायचे."

"हं."

"हिचे चाळीस परत कर."

"आई, तसं करत नसतात. आधीच कमी आहेत. आकडा खाली दिसला की लोक..."

"शेवया खाणाऱ्या पोरीच्या पैशावर माझ्या घरात घरटं बांधायचं नाही. आत्ता कर. माझ्यासमोर."

"एकशे साठ लोक बघतायत."

"बघू देत. माझ्या घरात चोरून काही करायचं नाही, मग पैसे परत तरी चोरून का करायचे?"

त्रायचेनं परत करण्याचं बटण शोधलं. ते त्यानं कधी वापरलं नव्हतं, त्यामुळे सापडायला वेळ लागला, आणि तेवढा वेळ एकशे साठ माणसं त्याच्या शोधणाऱ्या चेहऱ्याकडे बघत बसली. सोळा हजारांचा आकडा चाळीसनं खाली आला.

"पण तिची काडी?" रुमेनानं विचारलं. "पैसे गेले की नावही जातं, मावशी."

"नाव कसं जाईल? पैसे तिचे तिला द्या. काडी राहू दे." स्टोयनानं पुढची मिरची उचलली आणि साल ओढता ओढता स्वतःशीच गुणगुणली:

"करकोचा आला बाई, चोचीत त्याच्या काडी,
वाऱ्यानं नेली एक, त्यानं आणली दुसरी थोडी."

रुमेनानं तेही सगळ्यांना सांगितलं.

"एक विचारू?" वाउटर म्हणाले. "तुमचं ते काचेचं दालन कुठे आहे?"

"ते? शेजारच्या दंतवैद्याचं. तिथे माझी दाढ काढली."

"आणि स्टुडिओ?"

"हा काय. ही खोली, हा मांडव. माझा पोरगा, ही रुमेना आणि ते मांजर. मला खेळातलं कळत नाही, मी मिरच्या करते. पण ही दोघं सकाळी आठाला बसतात आणि जेवायला चार हाका मारल्याशिवाय उठत नाहीत. आज तेवढी मध्ये मिरची आली."

त्रायचेनं डोळे मिटून घेतले. धुरानं ते तसेही मिटत होते.

"दोन स्टुडिओंनी मिळून माझे सहाशे युरो खाल्ले," वाउटर सावकाश म्हणाले. "किती पत्रं लिहिली. परत जाताना पैसा कसा दिसतो, ते आज पहिल्यांदा बघितलं." ते खाली वाकून काहीतरी करू लागले. आकडा सहाशेनं वर चढला. "त्या टेबलावर काय चाललंय, ते पुन्हा एकदा जवळून दाखवाल का?"

रुमेनानं लॅपटॉप परातीवर धरला. आणि ती हुशार असल्यामुळे, दुसऱ्या हातानं तिनं पानावर वर्गणीचा एक नवा प्रकार टाकला: काडीवर नाव आणि व्यवस्थापन प्रमुखांच्या हातची आयवरची एक बरणी. किती बरण्या, ते लिहायचं मात्र ती विसरली.

मंगळवारी दुपारी पंचवीस हजार झाले. बुधवारी एकतीस. त्रायचे आनंदानं अंगणभर फिरला, मग त्यानं बरण्यांचा आकडा बघितला आणि तो खाली बसला.

"आई, साठ किलोत किती बरण्या होतात?"

"तीस. फार तर बत्तीस."

"आपण चारशे अठरा कबूल केल्यात."

स्टोयनानं हात फडक्याला पुसले. त्याला वाटलं, आता बोलणी बसणार. ती उठली, फ्रिजपाशी गेली, आणि या वेळी सरळ समोर बघत तिनं चुंबकाखालचं तिकीट काढलं.

"मेतोदीला फोन लाव," ती म्हणाली.

"मी येत नाही म्हणून सांगायला?"

"त्याला ये म्हणून सांगायला. फरशा बसवणाऱ्याचे हात आहेत, भाजलेल्या मिरचीनं पोळणार नाहीत. परदेशातले प्रतिनिधी म्हणून लिहिलंयस ना त्याला? मग कामाला येऊ दे."

मामा शुक्रवारच्याच बसनं आला, उलट दिशेच्या. रविवारी ग्राट्सची लेक नवऱ्यासकट आली, सोमवारी माल्मोचा मुलगा. इतकी वर्षं ईस्टरलाही एका वेळी न जमलेली माणसं दोन आठवडे त्या मांडवाखाली नव्यानं आणलेल्या गोणीगोणी मिरच्या सोलत होती आणि एकमेकांना साल नीट निघाली नाही म्हणून बोलत होती. पाशा आवाज तपासत होता.

खेळ व्हायला सव्वा वर्ष लागलं. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी प्रक्षेपण होई, आणि त्रायचे झालेलं काम दाखवायला तयार होऊन बसे. पण लोक आधी स्टोयनाला भेटत. वाउटरांनी गुडघ्याचं ऑपरेशन करून घ्यावं की नाही, हे अंगणातच ठरलं. एका फिनिश गृहस्थाचं लग्न जमलं, ते त्यानं घरच्यांच्या आधी इथे सांगितलं.

"आता खेळ दाखवू का?" त्रायचे मधूनच विचारी.

"आईंचं होऊ दे," वाउटर म्हणत.

शेवटच्या प्रक्षेपणाच्या दिवशी ग्रासा आली. अंगात रुग्णालयाचा गणवेश होता. परीक्षा झाली होती, पहिला पगार झाला होता. आणि आकड्याशेजारी, आता तिथे काही भरायची गरज उरली नसताना, चाळीस युरो येऊन थांबले.

त्रायचेचा हात सवयीनं थांबला. त्यानं आईकडे बघितलं.

"जेवलीस काय?" स्टोयनानं विचारलं.

"मासा. भात. आणि तुम्ही पाठवलेल्या बरणीतलं शेवटचं."

"पायात काय आहे?"

मुलीनं पाय वर करून दाखवला. नवा बूट होता.

स्टोयनानं तो नीट निरखला, टाचेसकट. मग ती मुलाकडे वळली.

"घे आता," ती म्हणाली. "आणि मेतोदीला सांग, पुढच्या सप्टेंबरला एक बरणी वाढली."