पावणाईची डावी पाकळी

कौल लावून वीस मिनिटं झाली होती आणि घाटकोपरचे सहदेव परब श्वास घेणंही टाळत होते. पावणाईच्या काळ्या पाषाणमूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर एकेक ओली पाकळी चिकटवलेली होती. उजवी आधी पडली तर त्यांच्या कुंदाचं लग्न, डावी पडली तर नाही. कुंदा आणि चंद्रप्रकाश अंधेरीला एकाच औषध कंपनीत टायपिस्ट होते आणि त्यांचं केव्हाच ठरलं होतं. पण चंद्रप्रकाशचे वडील, बोरिवलीचे शिवदास सावंत, म्हणाले होते, "माझी हरकत नाही. पण गावी नदीकाठी आमची आई बसलीय. तिला विचारल्याशिवाय आम्ही घरात मांजरसुद्धा आणत नाही." म्हणून त्र्याऐंशी सालच्या मे महिन्यात, एसटीत चौदा तास हाडं खिळखिळी करून, दोन्ही घरं या जुन्या देवळात येऊन बसली होती.

डावी पडली.

"नाय म्हणता," धोंडू गुरव म्हणाला.

चंद्रप्रकाश आपल्या पायांकडे बघू लागला. वडिलांसमोर तो नेहमी तिकडेच बघत असे.

"डावी म्हणजे आमची डावी की देवीची?" सहदेवरावांनी विचारलं.

"देवीची. उत्तर ती देता, तुमी नाय."

"मग परत विचारा ना."

"एकच प्रश्न एका दिसात दोनदा इचारूचो नसता."

"मग उलटा विचारा. हे लग्न होऊ नये का?"

गुरवाने शिवदासरावांकडे पाहिलं. उलट्या प्रश्नाला नियमात बंदी नव्हती. नव्या पाकळ्या लागल्या. दहा मिनिटांनी डावीच पडली.

"होऊ नये असंही नाही म्हणते," सहदेवराव घाईघाईने म्हणाले.

"म्हणजे आई रागावलीय," शिवदासराव गुरवाकडे वळले. "धोंडू, विचार, दुसरी मुलगी बघू का?"

कुंदाने पदराचं टोक मुठीत आवळलं. डावी पडली.

"घ्या. पोरगा ब्रह्मचारी राहणार," शिवदासराव म्हणाले. ते उठून उभे राहिले. "चला, उठा. आईने तोंड फिरवलं, विषय संपला."

कुंदा मघापासून देवीकडे बघतच नव्हती. देवीच्या उजव्या हाताच्या भिंतीवर एक पंखा सुसाट फिरत होता. उजवी पाकळी त्याच्या वाऱ्याने मूर्तीला घट्ट चिकटून बसत होती आणि डावी उडत होती. पंख्याखाली पाटी होती : शिवदास सावंत, बोरिवली यांजकडून.

"बाबा, तो पंखा बघा," ती कुजबुजली.

"गप बस गं. गेल्या जत्रेत एकजण म्हणाला, पंखा आवाज करतो. सावंत अजून त्याच्याशी बोलत नाहीत. सख्खा भाऊ आहे तो त्यांचा."

कुंदाने थोडा विचार केला. "गुरवकाका, मी एक विचारू? काकांनी दिलेला पंखा देवीला पसंत आहे का?"

उठलेले शिवदासराव परत बसले. "हां, विचार. पोरीला निदान रीत तरी आहे."

तीन मिनिटांत डावी पडली.

शिवदासरावांचे कान लाल झाले. "हा काय कौल झाला? वारा सरळ पाकळीवर येतोय. या वाऱ्याने पाटासुद्धा हलेल. बंद कर तो आधी, धोंडू. आजचे सगळे कौल रद्द."

"सगळे?" सहदेवरावांनी जपून विचारलं.

"सगळे. वाऱ्याने पाडलेलं आईच्या नावावर कसं घालायचं?"

रद्द झालेला प्रश्न पुन्हा विचारायला गुरवाचीही ना नव्हती. पंखा थांबला. घाम गळू लागला. अर्धा तास कोणी पदरानेसुद्धा वारा घेतला नाही. मग उजवी पाकळी अलगद खाली आली. सहदेवरावांनी भिंतीला टेकून डोळे मिटले. चंद्रप्रकाशने प्रथमच मान वर केली.

"बघितलंत?" शिवदासराव खुलले. "आई बरोबर बोलली. आता पंख्याचंही विचारून टाक."

"ऱ्हवांदे, सावंतानू."

"विचार रे."

पाकळ्या लागल्या. या खेपेला मिनिटही गेलं नाही. डावी पडली.

शिवदासरावांनी झटकन भिंतीकडे पाहिलं. पंखा बंद होता.