अकराव्या मजल्यावरचा उंदीर

आमच्या वाकडच्या सोसायटीत सोपानभाऊ एसी दुरुस्तीला आले, की पाना हातात घेण्याआधी आधीच्या मेकॅनिकचा उद्धार करतात. झाकण उघडायचं, कपाळावर हात मारायचा आणि विचारायचं, "कुण्या गाढवानं हात लावलाय ह्याला?" तसे सगळेच मेकॅनिक आधीच्याला नावं ठेवतात म्हणा. पण भाऊंच्या शिव्यांची गोडीच वेगळी. "ह्यानं एसी बसवलाय का म्हशीला दावं बांधलंय?" असं ते म्हणतात. मारुंजीला स्वतः म्हशी पाळलेला माणूस असं म्हणतोय म्हटल्यावर आपणही मान डोलावतो.

एकदा शेजारच्या काकूंकडे त्यांनी असाच तोंडाचा पट्टा सोडला. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अहो, मागच्या उन्हाळ्यात तुम्हीच आला होतात." भाऊंनी वाकून पुन्हा बघितलं. "व्हय? मग त्या दिवशी मला ताप आसंल!" आणि स्वतःलाच आणखी दोन शिव्या हासडून कामाला लागले.

हसण्यावारी नेऊ नका हं. भाऊंनी एखाद्याला गाढव ठरवलं, की सोसायटीच्या ग्रुपवर बातमी फिरते आणि त्या माणसाला पुन्हा कुणी बोलावत नाही.

यंदा ऐन चैत्रात माझा एसी गरम हवा ओकायला लागला. पंधरा दिवसांपूर्वीच कासारवाडीच्या कांबळेनानांकडून नवा पाईप बसवून घेतला होता. नाना म्हणजे म्हातारा, गरीब स्वभावाचा माणूस. काम झाल्यावर आपल्याच रुमालानं फरशी पुसून जाणारा. पण उकाड्यात माझी कसली आलीय माया! सकाळीच फोन करून मी त्यांना फाडफाड बोलले. "आता सोपानभाऊंनाच बोलावते," म्हटलं, आणि ग्रुपवर टाकायला खरमरीत मजकूरही लिहून ठेवला.

भाऊ आले. पाईपच्या जॉइंटवर साबणाचा फेस लावला. भराभर बुडबुडे आले. गॅस तिथूनच जातोय हे मलासुद्धा कळलं. मी शिव्यांची वाट बघत उभी राहिले.

"आधी कोण आलतं?"

"कांबळेनाना."

भाऊंनी बोटानं फेस पुसला. मग म्हणाले, "उंदरानं कुरतडलंय."

"अहो, अकराव्या मजल्यावर?"

"लिफ्टनं आला आसंल."

"भाऊ, जॉइंट तिरका बसलाय. दिसतंय मला."

त्यांनी माझ्याकडे न बघता पाना फिरवला. "ताई, ह्यो पाना माझ्या हातात नानांनीच दिला. आता त्यांचा हात थरथरतो. नानी गेल्यापासून घरात कुणी न्हाई. कामाला बोलावलं न्हाई, तर त्यांनी बोलायचं कुणाशी? ग्रुपवर टाकलं न्हाई ना?"

"अजून नाही."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. हात साबणानं भरलेले, म्हणून स्पीकरवर घेतला. नानाच होते. "सोप्या, वाकडचं माझं काम कसं हाय रे?"

"एक नंबर, नाना! नुस्तं उंदरानं जरा..."

नाना हळूच म्हणाले, "तू शिव्या दिल्या न्हाईस. म्हंजे लईच वाईट झालंय."

अख्ख्या पिंपरी-चिंचवडला गाढव म्हणणारा माणूस, डोळ्यांत पाणी आणून पान्याकडे बघत बसला. मी फोनवर वाकून ओरडले, "नाना, खरंच उंदीर होता हो! मी बघितला!"

"केवढा व्हता?"

"हा एवढा!" म्हणत मी दोन्ही हात पसरले. फोनवर ते दिसत नाहीत हे माझ्या लक्षातच आलं नाही.

"गाढवाएवढा व्हता, नाना!" भाऊ ओरडले. त्यांना त्यांचा शब्द सापडला होता.

पलीकडे नाना खोकत खोकत हसले. "पुन्यांदा आला तर मला बोलवा, ताई," म्हणाले.

"बोलावणारच," मी म्हटलं, आणि ग्रुपसाठी लिहिलेला मजकूर पुसून टाकला.