सर्जेराव काकांचा मॉडेम

आमचे शेजारी सर्जेराव काका फोनला जोडलेल्या एका डबीला 'पावणं' म्हणतात, आणि ती डबी किंचाळते. आम्ही मंगळवार पेठेत राहायला आलो तेव्हा हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सकाळी पोळ्या लाटत होते, तेवढ्यात मांजराच्या शेपटीवर पाटा पडावा तसा आवाज भिंतीपलीकडून आला. मग नुसती खरखर. मी लाटण्यासकट धावले.

दार उघडंच होतं. बनियन आणि पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा घातलेले एक गृहस्थ पिवळ्या पडलेल्या, ढेरपोट्या कॉम्प्युटरसमोर वाकून डबीला विचारत होते, "काय पावणं, उचलायचं न्हाय व्हय?"

मग त्यांनी माझ्या लाटण्याकडे पाहिलं. "बसा वैनी. कुणी मेलं न्हाय. मशिनी एकमेकींस्नी रामराम घालायल्यात."

ती डबी म्हणजे मॉडेम. पूर्वी घरोघरी इंटरनेट असल्याच डबीतून यायचं. काका तिच्यातून थेट गारगोटी गावातल्या दुसऱ्या कॉम्प्युटरला फोन लावत. दोन्हीकडच्या डब्या किंचाळून वेग ठरवत, आणि मग इकडं टाइप केलेलं तिकडं काळ्या पडद्यावर उमटे. तिकडं असायचे रशीदभाई. दोघांनी मिळून कॉम्प्युटर क्लास चालवला होता. काका मशिनी सांभाळायचे, रशीदभाई टायपिंग शिकवायचे. क्लास बंद झाला, मशिनी दोघांनी वाटून घरी नेल्या. मला वाटायचं, म्हाताऱ्यांचा पोरखेळ आहे.

पोरखेळाचे नियम मात्र कडक. मॉडेम चालू असताना कुणी रिसीव्हर उचलला तर लाइन तुटे. आमच्या ह्यांनी एकदा काकांच्या घरी गेले असताना उचलला. काका त्यांच्याशी पुढचे कित्येक दिवस बोलले नाहीत. समोर आले की माझ्याकडे बघून म्हणायचे, "वैनी, मालकास्नी सांगा, नळाला पाणी आलंय."

मध्यंतरी आमच्या गल्लीतली फोनची जुनी तार काढून नवी केबल टाकली. मॉडेम किंचाळायचा आणि मुकाट व्हायचा. काकांनी वायरी बदलल्या, खटके खालीवर केले, जेवण सोडलं. मी म्हटलं, "काका, मोबाईल आहे की तुमच्याकडे." त्यांनी असं पाहिलं, जणू मीच तार तोडली होती.

एका दुपारी ते पिशवी घेऊन दारात उभे. "नव्या लाइनीला भरभर बोललेलं कळंना झालंय. दोन्हीकडं वेग कमी कराय पायजे. रशाला त्यातलं जमत न्हाय. मी एसटीनं गारगोटीला जातो. संध्याकाळी तुम्ही माझ्या घरात जाऊन मशिनीवरनं डायल करा."

काय टाइप करायचं ते त्यांनी मला पाठ करायला लावलं. सांगितल्या वेळी मी एंटर दाबलं. रिंग गेली, किंकाळी आली, खरखर झाली, आणि थांबली. पडद्यावर हिरवी अक्षरं एकेक करून उमटायला लागली. इंग्रजी लिपीतलं मराठी. 'कोण, वैनी?'

मी लिहिलं, 'हो काका. झालं की काम. आता फोनवरच बोला, सोपं जाईल.'

बराच वेळ काही नाही. मग, 'काका न्हाय. मी रशीद. सर्जा भाजी आणाय गेलाय.' पुन्हा थांबून, 'बोलता येत न्हाय मला. ऑपरेशनात आवाज गेला. सर्जानं सांगितलं न्हाय व्हय?'

इतकी वर्षं भिंतीला भिंत, आणि मला पत्ता नव्हता. शेवटी 'बरे आहात ना' एवढंच लिहिलं.

दुसऱ्या दिवशी काका परतले. मी विचारलं, "काका, मग मोबाईलवर मेसेज का नाही करत?"

त्यांनी चष्मा पुसला. "त्येच्यावर सगळं एकदम येतंय, वैनी. ताट वाढून आणल्यागत. हितं एकेक अक्षर येतंय. कुठं अडलाय, काय लिवून खोडलं, समदं दिसतंय. रशा पयल्यापास्नं असाच बोलायचा, थांबत थांबत."

बोलता बोलता त्यांनी मॉडेमवरून फोन लावला. पडद्यावर 'सर्जा' एवढंच उमटलं आणि पुढं काही येईना. मला राहवेना. "लिहा की काहीतरी," मी म्हटलं.

काकांनी हात मांडीवरच ठेवले.

"बोलू दे त्येला," ते हळूच म्हणाले.